बोटं गार पडतात, मेंदू का नाही?

१. पाकिटातला कागद

अर्धशिशीनं बेजार झालेल्या माणसाला डॉक्टर पहिल्यांदा सुमाट्रिप्टानची गोळी लिहून देतात, तेव्हा तो पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद उलगडून वाचतो. निदान त्याच्या घरचं कुणीतरी वाचतंच. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करतं, असं त्यात लिहिलेलं असतं. थोडं खाली, हृदयविकार असेल तर घेऊ नये, असंही असतं. मग दुकानदाराला किंवा डॉक्टरांना ठरलेला प्रश्न विचारला जातो: डोक्याकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या, तर मेंदूला रक्त कमी नाही का पडणार? आणि मेंदूला धोका नसेल, तर हृदयाची एवढी काळजी कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. वैद्यकशास्त्रालाही त्याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं लागली, आणि त्या शोधात राईच्या शेतापासून कोकणातल्या विंचवापर्यंत बरंच काही आलं. ‘आवळणारं औषध’ म्हटलं की ते अंगभर सगळ्या वाहिन्या सारख्याच आवळत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते कुठे आवळतं आणि कुठे नाही, यावरच ते तारणार की मारणार हे ठरतं.

२. दारं धरणारे स्नायू

उसाला पाटाचं पाणी देताना एक माणूस फावडं घेऊन शेतात उभा असतो. एका वाफ्याला पाणी पुरेसं झालं की तो त्याचं तोंड मातीनं बुजवतो आणि पुढच्याचं फोडतो. याला दारं धरणं म्हणतात. विहिरीवरचा पंप कितीही चांगला असला, तरी सगळी दारं एकदम उघडली तर कुठल्याच वाफ्याला धड पाणी मिळत नाही.

शरीरातला पंप मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतो. मोठ्या धमन्या म्हणजे मुख्य पाट. त्यांना फाटे फुटत फुटत केसापेक्षा थोड्या जाड-बारीक अशा धमनिका तयार होतात. या धमनिकांच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतात. त्यांच्यावर आपली इच्छा चालत नाही. तेच दारं धरतात. ते आवळले की वाहिनीचं तोंड अरुंद होतं, सैल पडले की रुंद.

तोंड थोडंसं अरुंद झालं तर काय मोठं बिघडतं, असं वाटेल. इथे एक साधं गणित डोळे उघडतं. ज्याँ प्वाझय या फ्रेंच वैद्यानं १८४०च्या दशकात बारीक नळ्यांतून द्रव वाहवून दाखवलं, की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही. १/२ ला चार वेळा गुणायचं, उत्तर येतं १/१६. त्रिज्या फक्त एक दशांशानं कमी झाली, तरी ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे प्रवाह ६६ टक्क्यांवर येतो. रक्त पाण्याहून दाट असतं आणि वाहिन्या काचेच्या नळ्यांसारख्या ताठ नसतात, तेव्हा हा हिशेब ढोबळच. पण मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजायचं औषध एवढा गोंधळ कसं घालतं, याचं कारण त्यात सापडतं.

दार बुजवल्यावर तीन गोष्टी होतात. त्या वाफ्याला पाणी कमी मिळतं. मागे पाटात फुगवटा येतो, म्हणजे रक्तदाब वाढतो. आणि ज्यांची दारं उघडी आहेत, त्या वाफ्यांकडे जास्त पाणी वळतं. ही तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पुढच्या सगळ्या हकिकतीत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

३. किल्ली एक, कुलपं निरनिराळी

मराठीत भीतीनं हातपाय गार पडतात आणि चेहरा पांढराफटक होतो. हे नुसते वाक्प्रचार नाहीत, शरीरात खरोखर तसंच घडतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी संकटात ॲड्रेनलिन सोडतात, चेतातंतूंची टोकं नॉरॲड्रेनलिन सोडतात, आणि त्वचेतली दारं मिटतात.

या ग्रंथीच्या अर्कानं रक्तदाब चढतो, हे जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी इंग्लंडमध्ये १८९०च्या दशकात दाखवलं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञानं १९०१ मध्ये त्यातला शुद्ध पदार्थ वेगळा काढला. दोनच वर्षांत जर्मन शल्यचिकित्सक हाइनरिश ब्राउन यानं तो बधिर करणाऱ्या औषधात मिसळून वापरला. दाढ काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यात आजही हीच युक्ती असते. ॲड्रेनलिन आसपासच्या वाहिन्या आवळतं, त्यामुळे बधिर करणारं औषध रक्तात वाहून जात नाही. हिरडी जास्त वेळ बधिर राहते आणि रक्तही कमी येतं. नेहमीचं प्रमाण ८० हजारात एक. म्हणजे १ ग्रॅम ॲड्रेनलिन ८० हजार मिलिलिटर द्रवात, किंवा १ मिलिलिटरमध्ये साडेबारा मायक्रोग्रॅम. तेवढ्यानं हिरडी पांढरी पडलेली आरशात दिसते.

पण मग त्याच ॲड्रेनलिननं मांडीच्या स्नायूंतल्या वाहिन्या रुंद का होतात? पळायचं असेल तर स्नायूला रक्त हवं, हे कळतं. पण एकच रसायन एकीकडे दार मिटतं आणि दुसरीकडे उघडतं, हे कसं? या कोड्यावर अनेकांनी डोकं खपवलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी उत्तर सुचवलं. त्यांच्या मते फरक रसायनात नाही, ते ज्या ठिकाणी जाऊन बसतं त्या ग्राहींमध्ये आहे. किल्ली एकच, कुलपं दोन जातींची. त्यांनी त्यांना अल्फा आणि बीटा अशी साधी नावं दिली. त्वचेच्या आणि आतड्याच्या वाहिन्यांवर अल्फा कुलपं भरपूर, ती फिरली की दार मिटतं. स्नायूंच्या वाहिन्यांवर बीटाही असतात, ती फिरली की दार उघडतं. हा लेख सुरुवातीला नाकारला गेला होता. आज औषधशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षात अल्फा-बीटा शिकतो.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘बीपी लागत नाही, प्रेशर वाढवायचं औषध चालू केलंय’ असं सांगितलं जातं. ते बहुधा नॉरॲड्रेनलिन असतं. रक्तात जंतुसंसर्ग पसरला की अंगभरातली दारं एकदम सैल पडतात आणि पाटातलं पाणी तळाला जातं. नॉरॲड्रेनलिन अल्फा कुलपं फिरवून ती मिटवतं, पाटाला फुगवटा येतो, आणि मेंदू-हृदयाला पुन्हा पाणी चढतं. म्हणजे आवळणाऱ्या औषधानं मेंदूचा रक्तपुरवठा इथे वाढतो. त्याची किंमत कधी कधी बोटांना मोजावी लागते. मोठा डोस बरेच दिवस चालला, तर बोटांची टोकं काळी पडलेली दिसतात. घरच्यांना त्याचा धक्का बसतो, आणि तो बसू नये म्हणून हे आधी समजावून सांगायला हवं.

४. महाडचा विंचू

बाहेरून औषध न देताही शरीर स्वतःचीच दारं किती भयंकर मिटू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. कोकणातल्या लाल विंचवाचं विष चेतातंतूंना इतकं उद्दीपित करतं, की ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे गार हातपाय. रक्तदाब भराभर चढतो. सगळ्या बाजूंनी मिटलेल्या दारांवर हृदय धडका देत राहतं, थकतं, आणि मागे फुप्फुसांत पाणी साचतं. रुग्ण अक्षरशः त्या पाण्यात गुदमरतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत दगावत होती. पाठ्यपुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांशेजारी रात्री काढल्या, रक्तदाब आणि नाडीच्या नोंदी ठेवल्या, आणि सगळं विघ्न मिटलेल्या वाहिन्यांत आहे हे ताडलं. मग प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरलं. ते अल्फा कुलपात जाऊन बसतं पण कुलूप फिरवत नाही, नुसतं अडवून धरतं. किल्ली आत जात नाही, दार सैल पडतं. ही निरीक्षणं १९८०च्या दशकात ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीही या कामात त्यांना साथ दिली. गंभीर दंशात पूर्वी ४० टक्क्यांपर्यंत जाणारं मृत्यूचं प्रमाण या उपचारानंतर १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. आरोग्य केंद्रातल्या एका डॉक्टरानं कागद-पेन्सिल आणि रक्तदाबमापक घेऊन केलेलं हे संशोधन शाळेच्या पाठ्यपुस्तकात असायला हवं.

५. मेंदूचा वाफा

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण मिनिटाच्या ५ लिटरांपैकी सुमारे ७५० मिलिलिटर रक्त एकटा तो घेतो. एवढा मोठा वाटा घेणारा हा वाफा बाकीच्या शेताच्या नियमांनी चालत नाही. त्याचे तीन वेगळे नियम आहेत.

पहिला नियम कुंपणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत पाउल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सगळी इंद्रियं रंगली, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातले बरेचसे पदार्थ पलीकडे जातच नाहीत. ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनही याच कुंपणापाशी अडतात. शिवाय मेंदूच्या धमन्यांवर अल्फा कुलपांचा प्रभाव त्वचेच्या मानानं बराच कमी असतो.

दुसरा नियम स्वयंनियमनाचा. पाटाला फुगवटा आला की मेंदूच्या धमनिका आपण होऊन थोड्या आवळतात, पाणी ओसरलं की सैल होतात, आणि आत जाणारा प्रवाह साधारण तेवढाच ठेवतात. नील्स लासन या डॅनिश संशोधकानं १९५९ मध्ये याचा आलेख मांडला. सरासरी दाब ६० ते १५० च्या दरम्यान असेपर्यंत प्रवाहाची रेघ जवळजवळ आडवी राहते. हा पल्ला इतका रुंद नसावा असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं, पण तत्त्व टिकलं. जुन्या रक्तदाबाच्या रुग्णांत अख्खा पल्लाच वर सरकलेला असतो, म्हणून त्यांचा दाब एकदम खाली आणणं धोक्याचं.

तिसरा नियम कार्बन डायऑक्साइडचा. मेंदूच्या वाहिन्या आवळणारी सगळ्यांत हुकमी गोष्ट कुठली, तर भराभर श्वास घेणं. घाबरलेला माणूस धापा टाकतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूतली दारं मिटू लागतात. या वायूचा दाब ४० वरून ३० वर आला, तर मेंदूचा प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशानं घटतो. डोकं हलकं होणं, डोळ्यांपुढे अंधारी, हे सगळं त्यातूनच येतं.

एवढी घट होऊनही मेंदूला इजा का होत नाही? कारण राखीव साठा मोठा आहे. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं. २० च्या खाली गेलं की काम विस्कळीत होतं, १० च्या आसपास पेशी मरू लागतात. अडीचशे मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे कडक कॉफीचे दोन-तीन कप, हा प्रवाह साधारण एक चतुर्थांशानं कमी करतं. ५० चे ३७-३८ झाले. मेंदू त्याच रक्तातून थोडा जास्त प्राणवायू ओढून घेतो आणि माणूस उलट अधिक तरतरीत होतो. रोज कॉफी पिणाऱ्यानं एकदम ती सोडली, की वाहिन्या रुंदावतात आणि डोकं चढतं. उपवासाच्या दिवशी चहा चुकला म्हणून दुखणारं डोकं बऱ्याचदा याच जातीचं असतं.

६. नाकातले थेंब

सर्दीत नाक चोंदतं ते शेंबडानं कमी आणि सुजलेल्या रक्तवाहिन्यांनी जास्त. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तिथली अल्फा कुलपं फिरवतात, सूज उतरते, दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण चार-पाच दिवसांहून जास्त वापरले, तर औषध उतरताच वाहिन्या पूर्वीपेक्षाही फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. काही माणसं या चक्रात वर्षानुवर्षं अडकतात आणि आपल्याला जुनाट सर्दी आहे असंच समजत राहतात.

याच कुळातली एक हकीकत मेंदू आणि बाकीचं शरीर यांतला फरक लख्ख दाखवते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीत नाक मोकळं करण्यासाठी क्लोनिडिन नावाचा पदार्थ तयार झाला. कंपनीतल्या एका सेक्रेटरीला सर्दी झाली होती, तिच्या नाकात त्याचे थेंब घातले गेले. ती जवळजवळ २४ तास झोपून राहिली, नाडी मंदावली, रक्तदाब उतरला. वाहिन्या आवळणाऱ्या औषधानं दाब चढायला हवा होता! क्लोनिडिन मेंदूचं कुंपण सहज ओलांडतं आणि मेंदूच्या देठातल्या कुलपांवर बसून अंगभरच्या दारांना सैल सोडण्याचा हुकूम देतं, हे नंतर उलगडलं. नाकासाठी शोधलेलं औषध पुढे रक्तदाब उतरवण्यासाठी विकलं गेलं. नाकात घालायचे थेंब लहान मूल चुकून प्यायलं तर ते गुंगतं, त्याची नाडी आणि श्वास मंदावतो, त्यामागे हेच कारण असतं. ती बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये.

सर्दीच्या गोळीतल्या फेनिलेफ्रिनची गोष्ट वेगळी. आतडं आणि यकृत मिळून त्यातलं बरंचसं निकामी करून टाकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं, की तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन नेहमीच्या डोसमध्ये चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटल्यांवर छापायला लावली. घराघरांतल्या फडताळात या बाटल्या असतात, तेव्हा त्यावरचं लेबल पाहावं.

७. राईवरची काळी शिंगं

आता अर्धशिशीकडे वळायचं, तर आधी शेतात जावं लागतं. युरोपात राई या धान्याच्या कणसात दाण्याऐवजी काळी, शिंगाच्या आकाराची बुरशीची गाठ धरते. मध्ययुगात गरिबांच्या भाकरीत ती दळली जाई. मग हातापायांत आग होई, बोटं बधिर पडत, काळी होत, आणि रक्त न येता गळूनही पडत. लोक त्याला सेंट अँथनीची आग म्हणत. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये या संताच्या नावानं निघालेल्या पंथानं अशा रुग्णांसाठी रुग्णालयं चालवली. इझेनहाइमच्या अशाच एका मठासाठी माथियास ग्रुनेवाल्डनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चितारलेली वेदी आज कोल्मार इथल्या संग्रहालयात आहे, आणि तिच्या एका कोपऱ्यात फोडांनी भरलेला, सुजलेल्या पोटाचा एक रुग्ण दिसतो.

या बुरशीची चुलत बहीण बाजरीवर येते. शेतकरी तिला अरगट म्हणतात. पेरणीआधी बियाणं २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारं काढून टाकायची शिफारस कृषी विद्यापीठं करतात, ती या गाठींसाठीच. तिच्यातली रसायनं थोडी वेगळी आहेत. १९७५ मध्ये राजस्थानात अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी आली, पण बोटं काही झडली नाहीत. एकाच कुळातली दोन विषं, आणि कुलपं निराळी.

राईच्या बुरशीतून बाझलच्या सँडोझ कंपनीत आर्थर श्टॉल यांनी १९१८ मध्ये अर्गोटामिन शुद्ध रूपात काढलं. १९२०च्या दशकात ते अर्धशिशीसाठी वापरात आलं. ते का चालतं, हे मात्र माहीत नव्हतं. १९३८ मध्ये अमेरिकेत जॉन ग्रॅहम आणि हॅरोल्ड वुल्फ यांनी रुग्णाच्या कानशिलावरच्या धमनीचा ठोका कागदावर उमटवला. अर्गोटामिन टोचल्यावर ठोक्याची उंची उतरत गेली, आणि तिच्याबरोबर दुखणंही. त्यावरून सिद्धान्त निघाला: धमनी फुगते म्हणून डोकं दुखतं, आवळली की थांबतं. चित्र इतकं सुबक होतं, की पुढची पन्नास वर्षं त्याच्यावर फारशी कुणी शंका घेतली नाही.

अर्गोटामिनचा दोष असा, की ती किल्ली एका कुलपात बसत नाही. अल्फा, सेरोटोनिनची अनेक कुलपं, डोपामिनची, जिथे वाट मिळेल तिथे ती घुसते आणि लवकर निघत नाही. रक्तातून औषध नाहीसं झालं, तरी वाहिनी एक दिवसाहूनही अधिक काळ आवळलेली राहू शकते. म्हणून आठवड्याची मर्यादा १० मिलिग्रॅमची. आणि यकृतात ते पचवणारं विकर दुसऱ्या औषधानं अडवलं, तर नेहमीचा डोसही विष होतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं केटोकोनाझोल, एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर ही ती औषधं. रिटोनाविर घेणाऱ्या रुग्णानं डोकेदुखीसाठी एक-दोन गोळ्या घेतल्या आणि पाय काळानिळा पडला, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भारतात अर्गोटामिन आणि कॅफीन एकत्र असलेल्या गोळ्या अजूनही मिळतात, आणि चिठ्ठीशिवाय दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाणारी माणसं आहेत. त्यांच्या हातापायांना मुंग्या येत असतील, बोटं गार पडत असतील, तर त्यांना कुणीतरी हे सांगणं तातडीचं आहे.

८. दुखतं कुठे?

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्यावरच्या आवरणाला आणि त्या आवरणातल्या धमन्यांना. आणि या आवरणातल्या मुख्य धमनीचा उगम मेंदूला रक्त देणाऱ्या फाट्यातून होत नाही. चेहरा आणि टाळूला रक्त देणाऱ्या बाहेरच्या फाट्यातून ती येते, आणि कुंपणाच्याही बाहेर असते. पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

सेरोटोनिन हे रसायन १९४८ मध्ये क्लीव्हलंडला वेगळं करण्यात आलं. त्याचं नावच ‘रक्तद्रवातलं, वाहिन्यांना ताण देणारं’ अशा अर्थाचं. ते शिरेतून दिलं तर अर्धशिशी थांबे, पण मळमळ आणि धाप यांनी रुग्ण हैराण होई. ग्लॅक्सो कंपनीतल्या पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटानं १९७०च्या दशकापासून, डोक्याच्या धमन्यांवरचं नेमकं कुलूप शोधून त्यातच बसेल अशी किल्ली घडवायचा ध्यास घेतला. १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान बाजारात आलं. मेंदूच्या कुंपणातून ते फारसं आत जात नाही. प्रयोगशाळेत माणसाच्या धमन्यांच्या तुकड्यांवर पाहिलं, तर आवरणातली धमनी ते जोरात आवळतं, हृदयाची धमनी त्यामानानं खूप कमी.

पण कमी म्हणजे शून्य नाही. पुन्हा ते चौथ्या घाताचं गणित पाहू. निरोगी धमनीची त्रिज्या १० धरली आणि ती ९ झाली, तर प्रवाह ६६ टक्के उरतो. चरबीच्या थरानं आधीच ५ झालेली त्रिज्या तेवढ्याच एका घरानं घटून ४ झाली, तर उरलेल्या प्रवाहाचेही ४१ टक्केच उरतात. निरोगी माणसाला जाणवणारही नाही एवढा बदल हृदयरोग्याच्या छातीत कळ आणू शकतो. म्हणून हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल, तर हे औषध देत नाहीत. अर्गोटामिन घेतल्यापासून २४ तासांत तर मुळीच नाही.

वुल्फ यांच्या सुबक चित्राला मात्र पुढे तडे गेले. कोपनहेगनला येस ओलेसन यांच्या गटानं निरनिराळी रसायनं देऊन अर्धशिशी उमटते का ते पाहिलं. एका रसायनानं डोक्याच्या धमन्या चांगल्याच रुंदावल्या, पण अर्धशिशी आली नाही. सिल्डेनाफिलनं अर्धशिशी आली, पण मेंदूची मोठी धमनी रुंदावली नाही. २०१३ मध्ये त्याच शहरात प्रत्यक्ष झटका चालू असताना रुग्णांच्या धमन्यांची चुंबकीय चित्रं काढली गेली. बाहेरच्या धमन्या रुंदावलेल्या नव्हत्या, आतल्या अगदी किंचित. आणि सुमाट्रिप्टाननंतर बाहेरच्या धमन्या आवळल्या, कवटीच्या आतल्या मेंदूच्या धमन्या आवळल्या नाहीत. पाकिटातला कागद वाचून घाबरणाऱ्याला याहून थेट उत्तर देता येणार नाही.

मग गोळीनं आराम कशानं पडतो? आवरणातल्या चेतातंतूंतून सीजीआरपी नावाचं एक लहान प्रथिन सुटतं. ते वाहिन्या रुंदावतं आणि वेदनेचा निरोपही पुढे पाठवतं. सुमाट्रिप्टान त्या तंतूंवरचीही कुलपं फिरवतं आणि हे प्रथिन सुटणंच थांबवतं. पीटर गोड्सबी आणि लार्स एड्‌विन्सन यांनी झटक्यादरम्यान मानेतल्या शिरेच्या रक्तात ते वाढलेलं दाखवलं. या दोघांना, मायकेल मॉस्कोविट्झ आणि ओलेसन यांच्याबरोबर, २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं.

९. मेंदूचीही दारं मिटतात तेव्हा

कुंपण भक्कम असलं तरी अभेद्य नाही. फेनिलप्रोपॅनोलामिन हे औषध अमेरिकेत भूक मारायला आणि सर्दीला सर्रास घेतलं जाई. येल विद्यापीठानं १८ ते ४९ वयाच्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या ७०२ रुग्णांचा अभ्यास केला. भूक मारण्यासाठी ते घेणाऱ्या स्त्रियांत रक्तस्रावाचा धोका सुमारे सोळापट निघाला. २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कंपन्यांना ते बाजारातून काढायला सांगितलं.

दुसरं उदाहरण एका विकाराचं, दुर्मीळ पण ओळखण्याजोग्या. वीज कोसळावी तशी क्षणार्धात टिपेला पोचणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा, काही दिवस. तपासणीच्या चित्रात मेंदूच्या धमन्या माळेतल्या मण्यांसारख्या दिसतात, कुठे आवळलेल्या, कुठे फुगलेल्या. बाळंतपणानंतर, नाक मोकळं करणाऱ्या औषधांनंतर, काही नैराश्यविरोधी औषधांनंतर, गांजानंतर आणि क्वचित ट्रिप्टाननंतरही हे आढळलं आहे. बहुतेकांच्या वाहिन्या तीन महिन्यांत पूर्ववत होतात, काहींना मात्र पक्षाघात गाठतो. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी दुखलं, तर घरातली अर्धशिशीची गोळी शोधत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

ज्यांच्या हृदयाला ट्रिप्टान चालत नाही, अशांसाठी आता वाहिन्या न आवळणारी औषधं आली आहेत. लास्मिडिटानला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ते चेतातंतूंवरचं कुलूप फिरवतं, धमनीवरचं नाही. उब्रोजेपँट आणि रिमेजेपँट सीजीआरपीचं कुलूप नुसतं अडवून धरतात, प्राझोसिननं अल्फाचं अडवावं तसं. पण सीजीआरपीचं रोजचं काम वाहिन्या उघडणं हे आहे, आणि ते फक्त डोक्यात चालत नाही. अलीकडे अमेरिकेत या गटातल्या औषधांच्या कागदावर दोन नव्या सूचना आल्या. एक, रक्तदाब वाढू शकतो. दुसरी, काहींची बोटं गारठ्यात पांढरी पडू शकतात.